बॅनर चुकीचा दिसण्यापेक्षा कडक दिसलेला बरा

गोपनीय कामासाठी इंटरनेटशी काडीचाही संबंध नसलेली नेटवर्क्स असतात ना, एअर-गॅप्ड, तिथल्या पीसीवर स्क्रीनच्या वरच्या कडेला बहुतेक वेळा एक रंगीत पट्टी असते, तोच हा बॅनर; तिथली माहिती किती गोपनीय आहे हे तो सांगतो. अमेरिकन सरकारी पद्धतीत अनक्लासिफाइडला हिरवी, सिक्रेटला लाल, टॉप सिक्रेटला नारिंगी. एकाच टेबलावर दोन नेटवर्कचे दोन मॉनिटर असले की आपण कुठे काय टाईप करतोय हे सांगायला तेवढीच खूण, म्हणून ही पट्टी प्रत्येक पीसीवर बरोबर दाखवण्याचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं.

सगळं विंडोज आणि सगळं एकाच डोमेनमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळलं जात असेल तर ग्रुप पॉलिसीने (तिथूनच सगळ्यांना जाणाऱ्या सेटिंगने) पट्टीच्या प्रोग्रॅमसाठी रजिस्ट्रीत मजकूर टाकला की भागतं. पण लिनक्स मशीन आली, डोमेनबाहेरचे लॅबचे पीसी आले की पट्टीचा मजकूर पुरवायला सर्व्हर लागतोच. तो मात्र साधा ठेवायचा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर एक छोटी जेसॉन (साध्या मजकुराची) फाईल, त्यात मजकूर, रंग, व्हर्जन नंबर, नेटवर्कचा आयडी आणि खाली डिजिटल सही (फाईल आपलीच आहे आणि कोणी बदललेली नाही याचा पुरावा), बस. क्लायंटने, म्हणजे प्रत्येक पीसीवरच्या आपल्या प्रोग्रॅमने, ती थोड्या थोड्या वेळाने स्वतः ओढायची, म्हणजे क्लायंटवर बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी एकही पोर्ट उघडावा लागत नाही, आणि त्या वेळेत थोडा रँडम फरक ठेवायचा नाहीतर सकाळी ऑफिस भरलं की सगळी मशीन एकदम सर्व्हरवर तुटून पडतात.

क्लायंटचे दोन भाग लागतात, कारण व्हिस्टापासून विंडोजची सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) सेशन झिरो या वेगळ्या कप्प्यात चालते आणि तिला युजरच्या डेस्कटॉपवर काही काढता येत नाही. म्हणून सर्व्हिस फाईल आणते, सही तपासते, आणि युजरच्या सेशनमधला छोटा प्रोग्रॅम पट्टी काढतो, तो कोणी टास्क मॅनेजरमधून मारला की सर्व्हिस परत उठवते. पट्टी अ‍ॅपबार म्हणजे स्क्रीनच्या कडेची राखीव जागा म्हणून नोंदवायची, तरच मॅक्सिमाइझ केलेली विंडो तिच्या खाली थांबते.

खरा प्रश्न पुढे आहे, सर्व्हर बंद पडला तर काय दाखवायचं? सही जुळलेली शेवटची फाईल डिस्कवर असेल तर तीच, आणि ती नसेल किंवा सही जुळत नसेल तर त्या नेटवर्कचा सगळ्यात वरचा दर्जा. हिरवा तर नाहीच आणि रिकामी जागाही नाही. माझं यावर ठाम मत आहे, कारण लाल पट्टी उगाच दिसली तर माणूस वैतागून अ‍ॅडमिनला फोन करतो, हिरवी उगाच दिसली तर तो बिनधास्त फाईल कॉपी करतो.

आणि तारखेवर विसंबायचं नाही. बाहेरचा टाइम सर्व्हर नाही, मदरबोर्डची बॅटरी गेली की पीसी कित्येक वर्षं मागे जातो आणि सही तपासायचं चांगलं सर्टिफिकेटसुद्धा अजून लागू नाही म्हणून नाकारलं जातं. एक टाइम सर्व्हर आतच उभा करावा हे खरं, पण जुनी फाईल कोणी परत ठेवू नये यासाठी तारीख नको, चढता व्हर्जन नंबरच बघायचा. नेटवर्कचा आयडी सहीच्या आत असला की पेनड्राइव्हवरून दुसऱ्या नेटवर्कची फाईल इकडे आली तरी क्लायंट ती घेत नाही.

क्लायंटचं नवीन बिल्ड (आवृत्ती) आलं की मी आधी सर्व्हरची केबल काढते, बायोसची तारीख २०१० करते, दुसरा मॉनिटर जोडते आणि दोन्हीवर पट्टी येते का बघते, मगच सीडी बर्न करून आत पाठवायला देते.