येणं-जाणं आणि नऊ शब्द

स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. छडी, डबा आणि सहलीबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलं असणारच, म्हणून ही जागा आठवी-नववीच्या पोरांच्या इंग्रजीच्या कामाला लावतो. वर्गाच्या दारातलं ‘मे आय कम इन, सर?’ पहिलीपासून सगळ्यांना पाठ असतं. पण ‘मे’च्या जागी दुसरा शब्द घालायची वेळ आली, ‘कम’ जाऊन ‘गो’, ‘लीव्ह’, ‘रीच’ आले, की भल्याभल्यांची गाडी अडते.

नियम तसा छोटा. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट हे इंग्रजीतले नऊ शब्द. त्यांच्यापुढे क्रियापद मूळ रूपात येतं: ‘ही कॅन गो’. ‘गोज’ नाही, ‘वेन्ट’ नाही, मध्ये ‘टू’ नाही. दोन शब्द एकापाठोपाठ लावायचे नाहीत, म्हणून ‘आय विल कॅन कम’ चालत नाही, ‘आय विल बी एबल टू कम’ म्हणायचं. ‘कॅन एबल टू’ तर खास आपल्याकडचं. त्यात ‘शकतो’ दोनदा होतं.

एवढं येऊनही पोरं चुकतात, कारण ‘कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे’ असा तक्ता घोकलेला असतो. मराठीत हा अर्थ बऱ्याचदा क्रियापदाच्या शेपटात असतो. ‘आत येऊ काय?’ यात ‘शकणे’ कुठंच नाही, तरी तिथं ‘मे’ किंवा ‘कॅन’ लागतो. ‘निघूया काय?’ म्हणजे ‘शॅल वी गो?’ तक्त्यात ही दोन्ही सापडत नाहीत.

सगळ्यात घोळ ‘नको’चा. ‘पाऊस लई आहे, पन्हाळ्याला जायला नको’ यातला ‘नको’ सल्ल्याचा: ‘वी शुडन्ट गो’. ‘काम फोनवरच झालं, आता जायला नको’ इथं गरजच संपली: ‘वी डोन्ट हॅव टू गो’. आणि ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई. पाहुण्याला ‘उद्या नाही आलात तरी चालेल’ असं कळवायचं असताना कुणी ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो’ लिहिलं, तर त्याचा अर्थ ‘उद्या इकडं फिरकू नका’ असा होतो. पाहुणा रुसला तर त्याची चूक नाही.

दुसरा घोळ ‘असेल’चा. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उभे आहात, पन्हाळ्याची गाडी दिसत नाही. ‘गेली असेल’ असं आपण सहज म्हणतो, इंग्रजी मात्र विचारतं, कशावरून? फलाट रिकामा आहे, रांगेतली माणसंही दिसत नाहीत, म्हणजे गेलीच असणार: ‘इट मस्ट हॅव लेफ्ट’. नुसता अंदाज असेल, गेलीही असेल, नसेलही: ‘इट माइट हॅव लेफ्ट’. उलट समजा, गाडी समोर उभी आहे, पण वेळ टळून गेली, एव्हाना सुटायला हवी होती: ‘इट शुड हॅव लेफ्ट’. इथं ‘हॅव’पुढं तिसरं रूप लागतं. ‘मस्ट हॅव वेन्ट’ नाही, ‘मस्ट हॅव गॉन’. ‘कम’चं तिसरं रूप पुन्हा ‘कम’च, त्यामुळे ‘शुड हॅव केम’ ही चूक चांगल्या मार्कांची मुलंही करतात. बोलताना हा ‘हॅव’ आखडून नुसता ‘अव्’ ऐकू येतो आणि तो ‘ऑफ’ (of) समजून लिहिला जातो. ही चूक खुद्द इंग्रजही करतात, तेवढाच दिलासा.

‘कुड’ फसवा आहे. धावतपळत स्टेशन गाठलं, महालक्ष्मी एक्सप्रेस मिळाली, तर ‘आय कुड रीच द स्टेशन’ म्हणत नाहीत. एकदाच जमलेल्या गोष्टीला ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’. नकाराला ही अट नाही: २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, तेव्हा ‘वी कुडन्ट गो टू पुणे’ अगदी बरोबर. जाता जाता, ‘रीच’नंतर ‘टू’ नको, आणि ‘गो टू होम’ही नको.

‘रोज रंकाळ्यावर जायचो’ याला ‘वी वुड गो’ छान बसतं. पण ‘मंगळवार पेठेत राहायचो’ला ‘वुड लिव्ह’ बसत नाही, तिथं ‘यूज्ड टू लिव्ह’. येणं-जाणं ही पुन्हा पुन्हा घडणारी कृती, राहणं ही स्थिती. अर्जात मात्र ‘आय वुड बी कमिंग ऑन मंडे’ लिहू नका. नक्की येणार असाल तर ‘विल’; ‘वुड’ने ‘आलो असतो, पण...’ असा वास येतो.

आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्याचं ‘ओके, आय विल कम’ केलं की समोरचा वाट बघत बसतो. त्या जागी ‘आय मस्ट बी गोइंग’ किंवा ‘आय शुड गेट गोइंग’.

राहिला उच्चार. ‘आय कॅन कम’ म्हणताना जोर ‘कम’वर द्यायचा, ‘कॅन’ जवळजवळ ‘कन्’ होतो. आपण ‘कॅन’ ठासून म्हणतो, आणि अमेरिकन माणसाला फोनवर ते ‘कॅन्ट’ ऐकू येऊ शकतं, कारण त्यांच्या बोलण्यात ‘कॅन्ट’मधला शेवटचा ‘ट’ गिळलेलाच असतो. शंका वाटली तर ‘येस, आय कॅन कम’ म्हणा. सुरुवातीच्या ‘येस’ने काम भागतं.