रविवारच्या कप्प्यातलं माणिक

आजीचं नवरत्न पदक एकदाचं सुटं झालं. कोंदणं झिजून पोवळं हलायला लागलं होतं, म्हणून आत्याने ते पुन्हा घडवायला सोनाराकडे दिलं. खडे काढलेच आहेत तर दहा दिवस माझ्याकडे राहू देत, असं म्हणून मी ते पदरात पाडून घेतले. खडा कोणता आहे हे घनतेवरून बरंच कळतं, पण बसवलेल्या खड्याची घनता काढता येत नाही, हे खडे तपासणाऱ्या आम्हा सगळ्यांचंच रडगाणं; अशी संधी पुन्हा कधी यायची?

खडे ठेवायला बाबांची आठवड्याच्या गोळ्यांची डबी घेतली. रविवारी माणिक, सोमवारी मोती, मंगळवारी पोवळं, बुधवारी पाचू, गुरुवारी पुष्कराज, शुक्रवारी हिरा, शनिवारी नीलम. कप्पे सात आणि रत्नं नऊ. राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या बिनवाराचे, त्यांना काजळाची रिकामी डबी मिळाली.

आता वजनाची पद्धत. मागच्या खेपेला मी खडा पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायच्या खटपटीत दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. या वेळी उलटं केलं. मिलिग्रॅमच्या काट्यावर खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण पाणी भरून ठेवलं, बारीक तांब्याच्या तारेचा फासा रिकामाच पाण्यात सोडला आणि काटा शून्यावर आणला. मग खडा फाशात अडकवून तेवढ्याच खोलीवर सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. काट्यावर येतो तो आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. खड्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता. पाणी उकळून गार केलेलं हवं आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, नाहीतर खड्याला बुडबुडे चिकटतात आणि पाचूसुद्धा काच ठरतो. पंखा बंद! मोती आणि पोवळं या भानगडीतून वगळले.

पहिलं अर्थातच माणिक. घरात ते ‘बर्म्याचं’ म्हणून ओळखलं जातं. मला धास्ती होती ती स्पिनेलची, म्हणजे माणकासारख्याच दिसणाऱ्या वेगळ्या लाल खड्याची. त्या बाबतीत मोठमोठे फसलेत: ब्रिटिश राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्स रुबी’ स्पिनेल आहे, आणि मुघल बादशहांची नावं कोरलेलं ‘तिमूर रुबी’ही स्पिनेलच. कोरडं वजन 0.538 ग्रॅम, पाणी 0.134. भागाकार 4.01. स्पिनेल 3.6च्या आसपास येतं, म्हणजे हे कुरुंदच, माणकाचं खनिज! वराहमिहिराने बृहत्संहितेत पद्मरागाच्या उगमात ‘कुरुविंद’ सांगितलंय, आणि धार लावायच्या चाकातला कुरुंदही त्याच जातीचा. मी आत्याला फोन करून मोकळी झाले. घाई झाली.

रात्री खडा खोबरेल तेलात बुडवला, खाली पांढरा कागद, कागदाखालून मोबाइलचा टॉर्च, वर दहापट भिंग. खडा फिरवत राहिले. एका विशिष्ट कोनात आत रेषा उमटल्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, बारीक आणि वळणदार. जमिनीत वाढलेल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात, कोनात वळतात. अशी कमान धरत नाहीत. ही व्हर्नॉयची कमान, म्हणजे खडा कृत्रिम. व्हर्नॉय हा कृत्रिम माणकं बनवणारा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. ॲल्युमिनाची पूड ज्योतीतून खाली पाडून थरावर थर चढवायची त्याची पद्धत 1902 मध्ये जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे खडे ढिगाने बाजारात आले. रसायन तेच, घनता तीच, त्यामुळे काटा बिचारा खोटं बोललाच नव्हता. आजीचं लग्न त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालं. आत्याला दुसरा फोन अजून केलेला नाही.

बाकीचं भराभर. पाचू 2.72, बरोबर. गोमेद 3.65, आणि भिंगाखाली आत पाकात ढवळल्यासारखी ती ओळखीची लाट, म्हणजे हेसोनाइटच (खरा गोमेद), त्याच्यासारखा दिसणारा झिरकॉन नाही. पुष्कराज 2.65, म्हणजे खरा नव्हे, सुनेला, स्फटिकाच्या (क्वार्ट्झच्या) घरातला पिवळा खडा. गुरूच्या नावावर हे फारच सर्रास चालतं. हिरा इतका चपटा आणि लहान की काट्याचा भरवसा नाही, तो सोनाराच्या यंत्रावर तपासू.

लसण्याने मात्र दिवाळी केली. 3.71. क्वार्ट्झचा असता तर 2.65वर अडकला असता. हा खरा क्रिसोबेरिल, अस्सल लसण्याचं खनिज. सोललेल्या लसणीच्या पाकळीचा पिवळट रंग, आणि टॉर्च हलवला की मधली पांढरी रेघ पाठीवरून सरकत जाते. सगळ्यांत कमी कौतुक झालेला खडा हाच. आजी त्याला ‘तो मळकट’ म्हणायची.

आणि शनिवारचा कप्पा. 0.306 ला 0.123, म्हणजे 2.49. भिंगाखाली गोल बुडबुडे, पैलूंच्या कडा चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारख्या गुळगुळीत. निळी काच. नीलम लाभला तर राजा करतो, नाहीतर घर बुडवतो, म्हणून उशाखाली ठेवून रात्री स्वप्नं कशी पडतात ते बघायची रीत आमच्याकडेही होती. आत्या म्हणाली, “नानांना साडेसाती लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं असणार, शनी अंगावर नको. आईने काढून ठेवला असेल.” मग तो गेला कुठे? मला वाटतं एखाद्या अडचणीच्या वर्षी विकला गेला. बोलले नाही.

मी जयपूरहून छोटा नीलम मागवते म्हटलं, तर आत्याने साफ नकार दिला: “अगं, एवढी वर्षं काचेने काही वाकडं केलं नाही. तीच बसव.”

राहिला मोती. त्याच्या भोकात भिंगाने डोकावायचंय. आत मणी घालून वाढवलेला असेल तर मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये गडद रेघ दिसते. भोकात ऐंशी वर्षांचा मळ बसलाय आणि सुई लावायचं धाडस होत नाही. गुरुवारपर्यंत खडे परत द्यायचेत.