कशी जिरवली!

"बघ, कशी जिरवली गोऱ्याची!" जेवताना मामांनी मोबाईल थेट माझ्या ताटापुढे धरला.

क्लिप जुनीच, २०२४ची. बीबीसीच्या 'हार्डटॉक' या मुलाखतींच्या कार्यक्रमात मुलाखतकार स्टीफन सॅकर दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचे राष्ट्राध्यक्ष इरफान अली यांना विचारतायत, समुद्रातलं एवढं तेल-वायू काढणार, त्यातून दोन अब्ज टनांहून जास्त कार्बन हवेत जाईल, त्याचं काय? अली त्यांना तिथेच अडवतात. आमचं जंगल इंग्लंड-स्कॉटलंड मिळून होईल एवढं, त्यात १९.५ अब्ज टन कार्बन साठलाय, आणि ते आम्ही जपलंय! आवाज चढलेला, बोट रोखलेलं. उत्तर जबरदस्तच. श्रीमंत देशांना हे कुणीतरी सुनवायलाच हवं होतं.

पण मधेच सॅकर शांतपणे विचारतात, म्हणून हा सगळा कार्बन सोडायचा हक्क तुम्हाला मिळतो का?

"मामा, हा प्रश्न ऐकलात?"

"कुठला?"

क्लिप त्यांनी तोवर चार ग्रुपवर पाठवली होती.

अलींचं उत्तर जगभर फिरलं ते समोर असला खडूस प्रश्न होता म्हणून. 'तुम्ही थकत कसे नाही?' असं विचारलं असतं, तर गयानाचं जंगल कोणाला कळलं असतं? (मामांना तर गयाना फक्त क्रिकेटमुळे माहीत.)

१९९७ला सुरू झालेला हा कार्यक्रम बीबीसीने २०२५मध्ये खर्चकपातीत बंद केला. ते कोणी फॉरवर्ड केलं नाही.

आपल्याकडे राष्ट्राध्यक्ष सोडा, एखाद्या मंत्र्याला टाळलेला प्रश्न पुन्हा विचारलेला तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?