रेशनकार्डावरची नात

सावत्र बापाला मूल दत्तक घ्यायचं असेल, तर जन्मदाता बाप वारलेला असल्यास मृत्यूचा दाखला जोडायचा, हयात असल्यास त्याचं संमतीपत्र. पण बाप परागंदा असेल तर काय जोडणार? मी वकील. २०१९ साली एक जोडपं माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांचं सगळं याच एका कागदावर अडलं होतं.

मुलगी नऊ वर्षांची. ती दीड वर्षाची असताना बाप ट्रक घेऊन गेला तो परतलाच नाही. आईने माहेरी राहून परित्यागाच्या कारणावर एकतर्फी घटस्फोट मिळवला, पुढे दुसरं लग्न केलं. नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, बोटांवर वार्निशचे न निघणारे डाग. शाळेच्या कागदावर ‘वडिलांची सही’ आली की पोर तो कागद दप्तरातून काढतच नाही, एवढंच तो बोलला.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात दुसऱ्या पालकाची संमती तीनच प्रसंगी माफ आहे: त्याने संन्यास घेतला, धर्म सोडला किंवा कोर्टाने त्याला मनोरुग्ण ठरवलं तर. न सांगता निघून गेलेला बाप यात कुठेच बसत नाही. सात वर्षं खबर नसेल तर मृत धरण्याची तरतूद पुराव्याच्या कायद्यात आहे. पण ‘तो मेलाय असं लिहा’ म्हणायला मुलीची आई तयार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. म्हणून आम्ही २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गेलो. कारा म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, जिल्हा न्यायालयात अर्ज (१ सप्टेंबर २०२२ पासून कायद्याने दत्तकाचा आदेश द्यायचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं), बापाच्या शेवटच्या पत्त्यावर नोटीस. पोस्टातून ती परत आली. मग कोर्टाचा बेलिफ जाऊन दारावर चिकटवून आला.

ते दार मुलीच्या आजीचं होतं. बापाच्या आईचं.

तारखेला ती सकाळच्या एसटीने एकटीच आली. नोटीस शेजारच्या पोराकडून वाचून घेतलेली. मुलीची आई तिला बघून भिंतीकडे सरकली. म्हातारी हरकत घेणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

दत्तकाची सुनावणी बंद दाराआड होते. न्यायाधीश साहेबांनी आजीला आत बोलावलं, म्हणणं विचारलं. ती म्हणाली, “सायेब, माझ्याच लेकाचा मला ठाव न्हाई, मी संमती कुनाची देऊ?” आणि पिशवीतून रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर लेक, सून आणि नात, तिघांचीही नावं तशीच होती. पोरगा गेल्यापासून फोन नाही, पैसा नाही, सणालाही फिरकला नाही, हे तिने शपथेवर सांगितलं. आम्ही इतके कागद गोळा केले होते, पण तो नाहीसा झालाय हे सांगणारं तिच्याइतकं खात्रीचं माणूस आमच्याकडे नव्हतं.

मग साहेबांनी मुलीशी एकटीशी बोलणं केलं. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागतेच. ती बाहेर आली आणि सरळ वार्निशच्या बोटांना धरून उभी राहिली.

आजीला मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसवलं. आदेशानंतर नात सगळ्या अर्थांनी या घरची होणार, तुमच्या घराशी कायद्याचं नातं तुटणार, वारसाहक्कही जाणार, हे तिला सांगायलाच हवं होतं. वकिलीत मला सर्वांत जड गेलेल्या बोलण्यांपैकी ते एक. तिची थोडी जिरायत होती, ती नातीलाच द्यायची होती. मृत्युपत्राने देता येईल म्हटल्यावर जरा सावरली.

“आन् भेटायचं?”

भेटीला कायद्याची मनाई नाही. पण हक्कही उरत नाही. मी काही बोलायच्या आत मुलीचा नवा बाप म्हणाला, “मॅडम, लिहून देतो की.” दुपारी पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली: आजीला नातीला भेटायला आमची हरकत नाही, सुट्टीत ती आजीकडे राहील. साहेबांनी ती दाखल करून घेतली. अशी पुरशिस मोडली तर आजीच्या हातात फार काही राहत नाही, हे मला ठाऊक होतं. सावत्र पालकाच्या दत्तकात आजी-आजोबांच्या भेटीची तजवीज कायद्यातच हवी, हे त्या दिवसापासून मी भेटेल त्या सहकाऱ्याला सांगत आले आहे.

निघताना तिने रेशनकार्डाचं विचारलं. नाव कमी करावं लागेल, मी म्हटलं.

“करते,” ती म्हणाली. “पर मीच जाते तहसीलला. दुसऱ्या कुनी नगं.”