धरणाची वरकमाई

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात एक तांब्याची घागर पालथी असते. तिनं पाणी काही मी कधी भरलं नाही. दिवाळीला चिंचेनं घासायची आणि पुन्हा पालथी घालायची. आजेसासूबाई सांगायच्या, "माझ्या सासूबाईंची अर्धी सकाळ विहिरीवर जायची. नळ आला आणि त्यांचे हात रिकामे झाले." त्या रिकाम्या हातांत पाटी आली, मग पोथी.

तो नळ आजव्याचा. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ मध्ये आजव्याचं तळं पुरं झालं. जागा शहरापेक्षा उंच निवडली, म्हणून पाणी उतारानं आपलं आपण येतं. धरणाच्या जमाखर्चात एकर मांडतात, गॅलन मांडतात. एका सासूची सकाळ कुठल्या रकान्यात लिहायची? मी तरी हिला वरकमाई म्हणते. (आमच्याकडे या शब्दाला जरा वेगळा वास आहे, तो इथे नाही.)

डभोईजवळचा वढवाणा तलावही असाच. गायकवाडांनी १९१० च्या सुमारास शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधला. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्ट कादंबांना हे कुणी कळवलं कोण जाणे! ते दर हिवाळ्यात हजर. २०२१ मध्ये तलाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. आता जानेवारीत तिथं मोटारींची रांग लागते, आणि चहावाला पहिला कप भरता भरता आज पक्षी कुठल्या काठाला उतरलेत ते सांगतो.

वडोदऱ्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर तर १० मेगावॉटचं सौर छप्पर घातलंय. वर वीज, खाली सावली, त्यामुळे पाणीही कमी उडतं. शेताची जागा वाचली ती वेगळीच.

हे सगळं मनात घोळवत गेल्या हिवाळ्यात वढवाण्याला गेले होते. काठावर एक बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. मूळची अक्कलकुव्याकडची, सरदार सरोवरात गाव गेलेली. आता इकडच्या वसाहतीत राहते. आजव्याची गोष्ट अगदी माझ्या ओठांवर होती. त्याआधीच ती म्हणाली, "बेन, तिकडे आमच्या दारात नदी होती. इथे नळ आहे. सकाळी दोन तास."

मी शेंगा मागितल्या. तिनं मापटं शिगोशीग भरलं, वर आणखी चार टाकल्या.