कापलेली नावे फाइलमध्येच होती

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात प्रबंध येतात ते बहुधा मुदत संपायला दोन दिवस उरल्यावर. समासाची मापे आणि अनुक्रमणिकेची ओढाताण हे नेहमीचेच. गेल्या महिन्यात हळदीच्या व्यापारावर संशोधन करणाऱ्या एक ताई आल्या, त्यांची अडचण मात्र वेगळी होती. फाइल १८७ एमबीची झाली होती आणि जमा करण्याची मर्यादा होती २० एमबी. "काका, फाँट चौदावरून बारा केला, दोन रात्री गेल्या, पण फाइल तेवढीच आहे," असे सांगताना त्यांचा आवाज दाटून आला. फाँट लहान केला की फाइलही लहान होते, हा सल्ला त्यांना एका जबाबदार व्यक्तीने दिला होता. ज्यांच्या शब्दावर विद्यार्थी रात्र जागवतात, त्यांनी माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल इतक्या ठामपणे बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. ते कागदावरचे माप आहे. वर्डच्या फाइलमध्ये अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटांत नोंदलेला असतो, म्हणजे चौदासाठी २८ आणि बारासाठी २४. अठ्ठावीसचे चोवीस केले की पाने कमी होतात, पण फाइलमध्ये दोन अंकांच्या जागी दोनच अंक राहतात. शिवाय देवनागरीचा आकार रोमन अक्षरांपेक्षा वेगळा नोंदला जातो. ताईंनी स्टाइलमध्ये केलेला बदल फक्त रोमनला लागला होता, त्यामुळे इंग्रजी संदर्भ बारीक आणि मराठी मजकूर होता तसाच, अशी पाने तयार झाली होती; ती नीट करण्यात माझी दुपार गेली.

वर्डची डॉक्सएक्स फाइल मुळात झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेले गाठोडे असते, म्हणून तिची एक प्रत काढून, नाव बदलून मी ती उघडली. तीनशे पानांचा मजकूर एक एमबीसुद्धा भरत नव्हता. सगळा भार अडतीस छायाचित्रांचा होता. मोबाइलवर काढलेली, एकेक सुमारे पाच एमबीची. त्यांत हरिपूरची हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती आणि अडत दुकानांतल्या वह्या होत्या. प्रबंधात वहीचा फक्त दरांचा रकाना दिसत होता. मीडिया फोल्डरमधले तेच छायाचित्र उघडले, तर निळ्या शाईतले अख्खे पान समोर आले: शेतकऱ्यांची नावे, गावे, उचल, बाकी. वर्डमध्ये क्रॉप केलेला भाग केवळ झाकला जातो. चित्रे कॉम्प्रेस करताना कापलेले भाग काढून टाकण्याचा पर्याय निवडल्याशिवाय तो फाइलमधून जात नाही.

ताई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. कोणाचेही नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द देऊन त्यांनी ती छायाचित्रे मिळवली होती.

मी तो पर्याय निवडला, रिझोल्यूशन १५० पीपीआय (एका इंचात १५० ठिपके) ठेवले आणि फाइल नऊ एमबीची झाली. पुन्हा झिप उघडून प्रत्येक वहीचे छायाचित्र दोघांनी मिळून तपासले. नावे उरली नव्हती. माझ्या संगणकावरची जुनी प्रत मी त्यांच्यादेखत पुसली. परंतु मूळ मसुदा त्यांनी आधीच पेन ड्राइव्हवरून चौघांना दिलेला होता. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी एकेकाला फोन लावला. तिघांनी फाइल काढून टाकतो असे सांगितले. चौथ्यांनी फोन उचलला नाही.