बुलेटच्या टिकटिकीचा माग

भांडुपला राहतो. दीड वर्षापूर्वी २०१५ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेतली, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली). आधीच्या मालकाने इंदोरी, म्हणजे मोठा आवाज करणारा बाजारातला सायलेन्सर बसवला होता. कंपनीचा मूळ सायलेन्सर त्याने गोणपाटात गुंडाळून सोबत दिला, त्याबद्दल मी त्याचे आजही आभार मानतो, कारण पुढे सगळं त्या मूळ सायलेन्सरवरच सुटलं.

दोन महिन्यांत गाडी वाजायला लागली. सकाळी सुरू केली की टिकटिक. गांधीनगरच्या पुलावरून उतरताना थ्रॉटल सोडला की फटाके. आणि चाळीसच्या आसपास वेग गेला की पत्रा थरथरल्यासारखं काहीतरी. मी या सगळ्याला मिळून ‘सायलेन्सरचा आवाज’ म्हणत होतो. माझी चूक तिथेच होत होती.

पहिल्या गॅरेजमध्ये टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतायत असं सांगून ते ‘सेट’ केल्याचे पैसे घेतले. या इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असतात, त्यांना सेटिंग नसतंच, हे मला नंतर कळलं. खूप चीड आली. पण नुसत्या कानाने फसायला होतं हेही खरं आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमागे धूर एकदा बाहेर पडतो, आणि व्हॉल्व्हही एकदाच उघडतो. मिनिटाला हजार फेऱ्यांना दोन्ही आवाज सेकंदाला आठेक वेळा येणार. ताल सारखाच. मग ओळखायचं ते आवाज कुठून येतो आणि कधी बंद होतो यावरून.

हे मला कांजूरमार्गच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी शिकवलं. गाडी घेऊन गेलो तर त्यांनी हातही लावला नाही. "गरम गाडी काय सांगणार? रात्रभर इथे ठेव, सकाळी सातला ये."

सकाळी आधी त्यांनी बॅटरी मारून बेंड पाईप, म्हणजे सायलेन्सरकडे धूर नेणारा वाकडा पाईप, जिथे इंजिनाला जोडतो ती जागा, फ्लँज, दाखवली. फ्लँजच्या खालच्या बाजूला, इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांवर (फिन्सवर) काजळीचा पंख्यासारखा डाग होता. मी रोज गाडी पुसायचो आणि तो कधी पाहिला नव्हता. मग ब्रशने साबणाचं पाणी लावलं, किक मारली, आणि सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं धरून अर्धं तोंड दाबलं. फ्लँजपाशी टिकटिकीच्या तालावर फेसाचे बुडबुडे फुटायला लागले. "मनगट जवळ आण, टेकवू नकोस." कोणी बारीक फुंकर मारावी तशी हवा लागली. चार-पाच मिनिटांत इंजिन तापलं, धातू फुगला, फट मिटली आणि आवाज गेला. म्हणून दुपारी कुठल्याही गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागायची.

काकांनी खात्री म्हणून गाडी पुन्हा थंड होऊ दिली आणि मूळ सायलेन्सर चढवून पाहिला. टिकटिक तशीच! म्हणजे दोष सायलेन्सरचा नाही, पुढच्या पॅकिंगचा, म्हणजे पाईप आणि इंजिनाच्या सांध्यातल्या कडीचा. इंदोरी बसवताना कोणीतरी जुनं, चेपलेलं पॅकिंगच परत घातलं होतं. काकांनी गंजलेल्या नटांवर तेल सोडून अर्धा तास थांबायला लावलं. घाई केली तर स्टड (नट बसतो तो इंजिनातला खिळा) तुटतो, आणि मग खर्च वेगळाच. नवं पॅकिंग घालून इंदोरीच परत चढवला, दोन्ही नट थोडे थोडे आलटून पालटून आवळले.

फटाके निम्म्याने कमी झाले, गेले नाहीत. थ्रॉटल बंद केल्यावर न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाईपात जातं, फटीतून हवा आत ओढली गेली की तिथेच पेटतं. फट तर बुजली होती. मग स्पार्क प्लग काढला, पांढराफटक. मोकळ्या सायलेन्सरमुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होतं. कार्ब्युरेटरवरचा, हे मिश्रण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू अर्धा फेरा बाहेर घेतल्यावर गांधीनगरचा पूल शांतपणे उतरता आला.

राहिली थरथर. इंदोरी पुन्हा काढून काकांनी तो उभा धरून तळव्याने ठोकला, आत डब्यात खडे हलावेत तसं वाजलं. आतल्या जाळीचं वेल्डिंग सुटलं होतं.

ते म्हणाले, वेल्डिंग करून देतो. मी नको म्हटलं. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा असते, ती हा सायलेन्सर कधीच पाळणार नव्हता. पोलीस असे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली घालतात. पण मला खरी टोचणी होती ती तळमजल्यावरच्या आजींची. सकाळी मी गाडी काढली की त्या खिडकी लावून घ्यायच्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत. मूळ सायलेन्सर कायमचा चढवला आणि स्क्रू पुन्हा त्याच्या हिशोबाने लावून घेतला.

परतताना एलबीएस रोडवर गाडीखालून करकर ऐकू आली. चेन कोरडी होती, किती दिवसांपासून कोण जाणे. घरी पोचल्यावर वर न जाता आधी रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन बसलो.